वाळूनं राखलेलं चर्च

ज्या चर्चविषयी आज बोलायचं आहे, त्याचे अवशेष आता पाण्याखाली आहेत. सुदानच्या उत्तर सीमेवर, नाईलकाठी, फरस नावाचं गाव होतं. मध्ययुगात न्युबियाच्या ख्रिस्ती राज्यातलं ते मोठं ठाणं. इ. स. ६५२ मध्ये या लोकांनी इजिप्तच्या मुस्लीम सत्तेशी 'बक्त' नावाचा तह केला. तो जवळजवळ सहाशे वर्षं चालला. त्यात दरवर्षी गुलाम पाठवण्याचं कलम होतं, हेही सांगायला हवं.

पुढं चर्च वाळूनं भरून गेलं, वर अरबी गढी उभी राहिली. आस्वानचं धरण बुडवणार म्हणून १९६१ ते १९६४ या काळात पोलंडच्या काझिमेझ मिखालोव्हस्की यांनी तिथं खणलं, तर भिंतींवर रंग ताजे! वाळूनंच ते राखले होते. मेणानं पातळ जपानी कागद चिकटवून, करवतीनं रंगाचा थर सोडवत, सुमारे १२० चित्रं काढली. मग पाणी आलं.

त्यातलं एक चित्र मी छापील पाहिलं. मेरीची आई, सेंट ॲन, ओठांवर बोट ठेवून. आमच्या घरात तिचं नाव बीबी हन्ना. पोटातलं मूल अल्लाहच्या सेवेला वाहीन, असा नवस तिनं केला आणि झाली मुलगी, हजरत मरियम. ही गोष्ट नानी सांगायची, तेव्हा आम्ही पोरं गप्प व्हायचो.

हन्ना आज वॉर्साच्या संग्रहालयात आहे. तिच्याबरोबरची कितीतरी चित्रं खार्तूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वाट्याला गेली. २०२३ मध्ये त्या शहरात युद्ध पेटलं, आणि ते संग्रहालय लुटलं गेलं.