मानमोडी, चवदार तळं आणि माझी एक स्क्रिप्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेले दोन विकेंड रिलीजमध्ये गेले, त्यामुळे ब्लॉगवर धूळ बसली होती. या वेळी शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद केला आणि सकाळच्या गाडीने ठाण्याहून गावी आलो. गाव म्हणजे वीर, तालुका महाड. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पहिला तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा गाडी इथपर्यंतच यायची, एवढीच काय ती आमच्या गावाची रेल्वेच्या इतिहासातली कामगिरी. स्टेशनवर उतरलं की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हायवे. शेजारी दासगाव, आणि पुढे दहा-बारा किलोमीटरवर महाड.

आजी ओटीवर वाल सोलत बसली होती. बोलता बोलता कोविडचा विषय निघाला (आमच्याकडे तो अजूनही निघतो), तर ती सहज म्हणाली, "हे काय रे, खरी साथ ती मानमोडीची. माझ्या मामंजींची पहिली बायको त्याच्यातच गेली." म्हणजे माझी पणजी ही पणजोबांची दुसरी बायको. मानमोडी आली नसती तर मी हा ब्लॉग लिहायला नसतोच! हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. अंग असं मोडून यायचं की मान वर धरवत नसे, म्हणून हे नाव. मुंबईत पहिली चाहूल लागली जून १९१८ मध्ये. गोदीवर पहारा करणाऱ्यासह सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात भरती झाले आणि तो ताप मलेरियाचा नव्हता. पहिलं महायुद्ध चालू होतं, बोटी सैनिक घेऊन ये-जा करत होत्या. ती लाट बऱ्यापैकी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आली ती दुसरी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली आणि देशातला आकडा अभ्यासक एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत धरतात. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्यात १९१८ चा पाऊसही दगा देऊन गेलेला. धान्य महाग, अंगावर घ्यायला कापड महाग.

हे सगळं मी जेवणानंतर माळ्यावर बसून वाचत होतो (रेंज फक्त माळ्यावर येते), आणि एका तक्त्यापाशी थांबलो. मुंबई शहरात १९१८ च्या साथीत दर हजारी किती माणसं मेली, समाजवार. युरोपियन ८.३. पारशी ९. अँग्लो-इंडियन ११.९. ख्रिश्चन १८.४. जातवाले हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि शेवटी, तेव्हाच्या सरकारी भाषेत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणत, ते ६१.६.

मला आधी टायपो वाटला. दशांश चिन्ह चुकलंय की काय म्हणून दुसरीकडे तपासलं. नाही, बरोबर आहे. युरोपियनांच्या जवळजवळ साडेसात पट. त्याच शहरातल्या, त्याच धर्माच्या इतर हिंदूंच्या सव्वातीन पट.

आता जरा विचार करा. १९१८ मध्ये या आजारावर औषध नव्हतं. कुणाकडेच नव्हतं, गव्हर्नरसाहेबांकडेही नव्हतं. अँटिबायोटिक्स नव्हती, हा विषाणू आहे हेसुद्धा तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं. मग औषध सगळ्यांसाठी सारखंच शून्य असताना ६१.६ आणि ८.३ हा फरक आला कुठून?

या आजारात माणूस वाचायचा तो शुश्रूषेवर. चार-पाच दिवस कुणीतरी पाणी पाजायचं, पेज द्यायची, अंगावर पांघरूण घालायचं आणि त्याला उठू द्यायचं नाही. म्हणजे लागणार काय? दुसरी खोली, घरात एक धडधाकट माणूस, आठवडाभर कामावर न जाता चूल पेटेल एवढे साठवलेले पैसे, आणि पाणी. चाळीच्या एका खोलीत आठ-दहा माणसं आणि सगळी एकदम आडवी झाली, तर पाणी कोण देणार? शहराचा कचरा आणि मैला उचलणाऱ्याला तर घरी बसायचीही सोय नाही. त्यात मदतकार्य बरंचसं ज्याच्या त्याच्या समाजाच्या जोरावर चालायचं. १८९७ च्या प्लेगपासूनची ती रीत. पारशांचं पारशांसाठी, भाटियांचं भाटियांसाठी. ज्या समाजाकडे पैसेवाला शेटच नाही, त्याचं काय?

प्लेगवरून आठवलं. शाळेत आपल्याला १८९७ चा प्लेग म्हणजे रँड आणि चापेकर एवढंच शिकवलं, निदान मला तरी तेवढंच आठवतं. पण त्याच पुण्यात, त्याच मार्च महिन्यात, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग गायकवाड नावाच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात चालत गेल्या. तिथे त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने दवाखाना उघडला होता. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडची माणसं रोग्यांना घराबाहेर ओढून काढत होती, आणि इकडे एका मुलाला दवाखान्यापर्यंत न्यायला वाहन म्हणून पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ. असो. विषय भरकटतोय.

तर, पाणी. ही गोष्ट मुंबईची म्हणून वाचत होतो, पण ती फिरून आमच्याच दारात आली. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा (रायगड हे नाव १९८१ चं). ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा भाग आपण ऐकलेला असतो. पण त्या यादीत शाळा, कचेऱ्या, न्यायालयं यांच्याबरोबर 'दवाखाने' हाही शब्द आहे. मला हे आजवर ठाऊकच नव्हतं. ७६८ मृत्यूंच्या त्या दिवसाला पाच वर्षंही झाली नव्हती, आणि सरकारी दवाखान्यात शिरायला परवानगी द्या असं कायदेमंडळात ठराव करून सांगावं लागत होतं!

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाणी भरायला प्रत्यक्षात कुणी धजावलं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: २० मार्च १९२७ ला बाबासाहेब परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग अफवा, मारहाण, आणि तळं 'शुद्ध' करायला पंचगव्याचे १०८ घडे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीने आले ते उतरले दासगावला. आमच्या शेजारच्या दासगावला, ज्याचं नाव एरवी २००५ च्या दरडीमुळे पेपरात आलं. तिथून ते महाडला चालत गेले. कोर्टातली केस संपायला मार्च १९३७ उजाडला.

आम्ही या तळ्याकडे स्वाभिमानाचा लढा म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण मानमोडीचा तो तक्ता बघितल्यावर मला त्यात एक साधी आरोग्याची गोष्टही दिसायला लागली. तापलेल्या माणसाला घरातलं पाणी संपल्यावर जवळचं तळं बंद असेल, तर त्याचं काय होत असेल?

मी खाली येऊन आजीला विचारलं, मानमोडीत आपल्याकडे पाणी कोण भरायचं? ती म्हणाली, मामंजी सांगायचे, जो उठेल तो सगळ्या आळीचं भरायचा आणि दारात हंडा ठेवून जायचा. मग मी विचारलं, आणि महारवाड्यात? "त्यांचं पाणी निराळं होतं, खाली ओढ्याला." तिकडे कोण भरायचं? आजीने वालाची टोपली जवळ ओढली. "ते कुणी सांगितलं नाय बाबा. आमी पण कधी इचारलं नाय."

आता स्क्रिप्टचं. टायटलमध्ये लिहून बसलोय, तेव्हा सांगावंच लागेल.

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण फक्त ऑनलाइन नोंदणीने. कोविनचं एपीआय सगळ्यांसाठी उघडं होतं. माझी नोकरी नवी, वय चोवीस, अंगात रग. तासाभरात पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली: दर काही सेकंदांनी पिनकोड तपासायचे, जागा दिसली की घंटा वाजवायची. ठाणे-मुंबईत जागा दिसेपर्यंत संपायची. म्हणून यादीत गावाकडचे पिनकोड टाकले. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली. मी आणि तीन मित्र, चार जागा. जाम भारी वाटलं होतं. ऑफिसच्या ग्रुपवर कोडही शेअर केला.

केंद्राबाहेर गाड्या उभ्या होत्या, एमएच ०१, एमएच ०४, एमएच १२. एमएच ०६ अगदी थोड्या. रांगेच्या कडेला एक कातकरी जोडपं होतं, बाईच्या कडेवर लहान पोर. वीटभट्टीवरून चालत आले होते. टेबलावरच्या माणसाने त्यांना सांगितलं, ऑनलाइन करून या. नवऱ्याने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. टेबलावरचा माणूस तरी काय करणार, त्याच्या यादीत नाव असेल त्यालाच सुई. यादीत माझं नाव होतं. मी गेलो, दंड पुढे केला, अर्धा तास बसलो आणि निघालो. आजीला अंगणातूनच हात केला, कारण तिला लागण होऊ नये याची मला फार काळजी होती.

मेच्या मध्यालाच तुटवड्यामुळे राज्याने त्या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. ३१ मे ला सुप्रीम कोर्टाने ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असं केंद्राला खडसावलं. २१ जूनपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना फुकट लस आणि थेट केंद्रावर नोंदणी, असं धोरण आलं. म्हणजे बग सापडला आणि दुरुस्तही झाला, पण तोवर मोसम उलटला होता. भट्ट्या पावसाआधी बंद होतात आणि माणसं वाड्यांवर पांगतात.

आज सकाळी स्टेशनबाहेर चिंबोऱ्या विकणाऱ्या कातकरी मावशींना मी विचारलं, तुम्हाला लस कधी मिळाली होती? त्या हसल्या. म्हणाल्या, "दिवालीच्या टायमाला. बाई आली होती पेटी घेऊन, आशाताई होती संगट. वाडीवर चढून आल्या दोघी. आमी भट्टीवर जायच्या आत गाठलं आमाला." डोंगरात किती वर? त्यांनी बोटाने दाखवलं. रस्ता नाही, पायवाट आहे, तासभर तरी लागेल.

चिंबोऱ्या घेतल्या दोन वाटे. घासाघीस केली नाही. दिवा गाडी आज पाऊण तास लेट आहे, म्हणून हे प्लॅटफॉर्मवरच टाइप करून संपवतोय.