नोझल आणि भट्टी : जालना एमआयडीसीतून दिसणारा इंजेक्टरचा इतिहास

#इतिहास #धागा

१/ जालन्याच्या एमआयडीसीत जुन्या वाहनासमोर दोन वाटा असतात. एक नोझल-पंपाच्या दुकानाकडे जाते, दुसरी भंगार वितळवणाऱ्या भट्टीकडे. पहिली वाट इतकी वर्षे कशामुळे खुली राहिली आणि आज ती का अरुंद होत आहे, याचे उत्तर वीतभर लांबीच्या एका भागात दडले आहे. तो भाग म्हणजे इंजेक्टर.

२/ प्रथम रचना समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्या हवेत डिझेल शिरताच पेट घेते. परंतु दाबलेल्या हवेत इंधन घुसवायचे तर त्याहून अधिक दाब हवा, नेमका क्षण हवा आणि धुक्यासारखा बारीक फवारा हवा. ही तिन्ही कामे पंप आणि इंजेक्टर मिळून करतात. इंजेक्टरच्या टोकाशी असलेल्या नोझलमध्ये एक सुई असते. सुई आणि तिचे घर यांतील अंतर अवघे दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी.

३/ रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. मात्र त्यात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे आणि त्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर लागे. असे अवजड यंत्र कारखान्यात वा जहाजात चालले. मोटारीत बसणे शक्यच नव्हते. डिझेल रस्त्यावर येण्याआधी इंजेक्टरचा प्रश्न सुटणे आवश्यक होते.

४/ तो टप्प्याटप्प्याने सुटला. १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांज यांनी बेंझ कंपनीत पूर्वकक्षाची कल्पना मांडली : इंधन प्रथम एका लहान कप्प्यात पेटते आणि ज्वाला तेथून मुख्य सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे कमी दाबाचा फवारा पुरेसा ठरला. १९२७ मध्ये बॉशने इंधन पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले. १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली.

५/ आता महाराष्ट्राकडे वळू. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरीवरचे ‘इंजिन’ गावोगावच्या शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळुरात मायको उभी राहिली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्याच नाशिकच्या सातपूर वसाहतीत मायकोचा कारखाना आला आणि तेथे नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागले. सूक्ष्म सुई आता महाराष्ट्रातच घडू लागली.

६/ ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथील जुन्या व्यापारी वैभवाची आठवण आहे. कापूस आणि बियाणे यांच्या जोडीला पुढे पोलाद आले. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि कालांतराने हे शहर टीएमटी सळयांचे मोठे केंद्र बनले. येथे भंगार येते ते ट्रकने. सळई जाते तीही मुख्यतः ट्रकने. भट्टी विजेवर चालते, पण तिची आवक-जावक डिझेलवर. ट्रक उभा राहिला की माल अडतो. म्हणून पोलादाच्या गावाला नोझल-पंपाचा कारागीर अपरिहार्य असतो.

७/ ट्रकखेरीज मराठवाड्याच्या रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केले ते काळी-पिवळीने. त्यांतील टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचे ओएम ६१६ या घराण्याचे इंजिन असे. हे इंजिन पूर्वकक्षाचे. म्हणजे १९०९ मध्ये जर्मनीत मांडलेली कल्पना आठ-नऊ दशकांनंतरही जालना-अंबड रस्त्यावर प्रवासी वाहत होती. तंत्रज्ञानाचे आयुष्य त्याच्या शोधाच्या सनावरून मोजता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

८/ हे आयुष्य लांबले कशाने? दुरुस्तीने. गाडी काळा धूर सोडते, सकाळी लवकर सुरू होत नाही, एका सिलिंडरवर ‘मिस’ मारते. कारागीर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतो. ज्या नळीपाशी इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच निकामी. दोष सापडला तो कानाने.

९/ मग इंजेक्टर उतरवून हातपंपाच्या टेस्टरवर चढतो. पूर्वकक्षाच्या इंजिनात सुई साधारण ११५ ते १५० बार दाबाला उघडावी. स्प्रिंग थकली असेल तर ती आधीच उघडते. तेव्हा पातळ चकती, म्हणजे शिम, बदलून दाब पुन्हा जुळवतात. फवारा एकसारखा हवा आणि दाब थोडा कमी ठेवल्यास टोकाशी थेंब जमता कामा नये. सुई झिजली असेल तर केवळ नोझल नवे. उरलेला इंजेक्टर तोच. बसवताना तांब्याचे वायसर नेहमी नवे घ्यायचे आणि शेवटी नळ्यांतली हवा काढायची. एक पथ्य कटाक्षाने पाळायचे : फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी काही दिसते. पंप आणि सुई यांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच. रॉकेलची भेसळ झाली की वंगण घटते आणि सुईवर ओरखडे उठतात. पाणी शिरले तर गंज चढतो. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांतील तफावतीचे अर्थकारण सरकारी कागदांत सापडते, तसे ते झिजलेल्या सुईवरही सापडते. ती सुई हाही एक दस्तऐवजच आहे.

११/ मग काळ बदलला. १ एप्रिल २००० पासून देशभर नवे उत्सर्जन निकष लागू झाले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्बुरेटर मागे पडून तेथेही इंजेक्टर आला. डिझेलमध्ये १९९७ साली युरोपात अवतरलेली कॉमन रेल पद्धत काही वर्षांतच भारतीय मोटारींत रुजली. तिच्या पहिल्या पिढीतच दाब सुमारे १,३५० बार होता. सुई केव्हा उघडायची हे स्प्रिंगऐवजी संगणक ठरवू लागला.

१२/ येथे कारागिराची भूमिका पालटली. कॉमन रेलची नळी चालू इंजिनावर सैल करणे जिवावर बेतू शकते. कानाची जुनी परीक्षा तेथे निषिद्ध. अनेक इंजेक्टरांवर एक संकेतांक कोरलेला असतो आणि नवा भाग बसवल्यावर तो गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. तपासणीला महागडे यंत्र लागते. ‘नोझल बदला’ या सल्ल्याची जागा ‘अख्खा इंजेक्टर बदला’ने घेतली. खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने जड झाला की दुसरी वाट दिसू लागते : भट्टीची.

१३/ तथापि जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. हा धूर जवळून कोणी घेतला? दिवसभर इंजिनावर वाकलेल्या कारागिराने. नव्या इंजेक्टरने हवा स्वच्छ होण्यास हातभार लावला; त्याच वेळी दुरुस्तीची किल्ली लहान दुकानाच्या हातून काढून घेतली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१४/ इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने पाहण्याचा आग्रह धरला. त्या दृष्टीने पाहिल्यास डिझेलचा इतिहास ऑग्सबर्गमध्ये संपत नाही. तो जालन्यासारख्या शेकडो गावांतील टेस्टरवर घडत राहिला. परंतु कंपन्यांची दप्तरे जपली जातात, कारागिराचा कान जपला जात नाही.

१५/ म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्या गावातील नोझल-पंपाच्या दुकानात जा. त्यांची हत्यारे, त्यांचे शब्द, दोष ओळखण्याच्या त्यांच्या खुणा लिहून घ्या; त्यांची संमती घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा. गाडी भट्टीत गेली तर तिची सळई तरी होते. कारागिरासोबत गेलेल्या ज्ञानाचे मात्र पुढे काहीच घडत नाही.

धागा समाप्त.