डावी बाजू कोणाची? बी.कॉम.च्या पहिल्या पेपरामागचा इतिहास

मागच्या वेळी मी वचन दिलं होतं की पुढची पोस्ट दफ्तरखान्यातल्या कागदांवर नसेल, वर्गावर असेल. तर आज वर्गाबद्दलच लिहिते. सुरुवात माझ्या एका चुकीपासून.

पीएच.डी. चालू असताना मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला लेखाकर्म शिकवत होते. म्हणजे डेबिट, क्रेडिट, रोजकीर्द, खातेवही, तेरीज, ताळेबंद. एका चाचणीत सोपा प्रश्न दिला. रामभाऊंना १२०० रुपयांचा माल उधार विकला. त्यांनी ५०० रुपये रोख दिले. रामभाऊंचं खातं लिहा. एका मुलाने ५०० डावीकडे लिहिले, १२०० उजवीकडे, आणि बाकी ७००. रक्कम बरोबर, पण सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. मी लाल पेनाने काट मारली आणि दहापैकी दोन गुण दिले.

पेपर परत दिल्यावर तो मुलगा थांबला. म्हणाला, "मॅडम, पैसे रामभाऊनं देल्ले, तं त्याचे जमा झाले ना? जमा तं डाव्या बाजूलेच असते. आमच्या आजोबाच्या वहीत तसंच हाय." इतवारीत त्यांचं किराण्याचं जुनं दुकान. मी त्याला सांगितलं, परीक्षेत असं चालत नाही, नमुना पाठ कर. आणि पुढच्या वर्गावर गेले.

तुम्ही कॉमर्सचे असाल तर तुम्हीही हेच सांगितलं असतं. पण नंतर जुन्या वह्या वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, तो मुलगा चुकलाच नव्हता. तो दुसरी पद्धत लिहीत होता. आणि ती पद्धत मला, त्याच्या शिक्षिकेला, ओळखता आली नव्हती.

आधी ही पद्धत समजून घेऊ. व्यापाऱ्यांची ती लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही तुम्ही पाहिली असेल, निदान दिवाळीत वहीपूजनाला. तिच्यात छापील रकाने नसतात, कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात. डाव्या अर्ध्यात जमा, उजव्या अर्ध्यात नावे. रामभाऊंनी ५०० दिले की रोकडवहीत डावीकडे लिहायचं, 'रामभाऊंचे खाती जमा ५००'. मग खतावणी करताना रामभाऊंच्या खात्यातही डावीकडेच. जमेची रक्कम जमेकडे जाते, नावेची नावेकडे. बाजू बदलायची गरजच नाही, कारण रोकडीसाठी वेगळं खातं उघडत नाहीत. रोकडवही हेच रोकडीचं खातं.

आता इंग्रजी पद्धत बघा. रोख आली, म्हणून रोकड खातं डेबिट, डावीकडे. रामभाऊंनी दिली, म्हणून रामभाऊंचं खातं क्रेडिट, उजवीकडे. म्हणजे रोकडवहीचं डावं पान दोन्हीकडे आलेल्या पैशाचंच आहे. पण देशी वहीत त्यावर 'जमा' लिहिलंय आणि इंग्रजी वहीत 'डेबिट'. रामभाऊंच्या खात्यात मात्र बाजूच उलटते. हिशेब दोन्हींत पूर्ण, बाकी दोन्हींत ७००. फरक फक्त पान कोणाच्या नजरेने मांडलंय याचा.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे मराठीतून पुस्तपालन लिहिताना डेबिटला 'नावे' आणि क्रेडिटला 'जमा' हे शब्द घेतले. अर्थाने ते बरोबरच आहेत. पण खात्याचा नमुना इंग्रजी ठेवला, त्यामुळे नावे डावीकडे आलं आणि जमा उजवीकडे. शब्द पेढीवरचा, जागा विलायती. ज्याच्या घरात वही आहे त्या मुलाचा गोंधळ इथे सुरू होतो. ज्याच्या घरात वही नाही त्याचा बँकेच्या मेसेजपासून होतो. 'खात्यात ५०० रुपये क्रेडिट झाले' हे तो रोज वाचतो आणि वर्गात ऐकतो की पैसे आले म्हणजे रोकड डेबिट. "काऊन मॅडम?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तर साधं आहे. बँक तिच्या वहीतून बोलते, तिच्या वहीत तुम्ही देणारे आहात. पण हे सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो!

बरं, या दोन वह्या नागपुरात एकत्र आल्या कशा?

हिशेब ठेवणं ही इथे नवी गोष्ट नव्हती. फडणीस, मुजुमदार, पोतदार ही आज आपली आडनावं आहेत, पण ती मुळात हिशेबाशी आणि खजिन्याशी जोडलेल्या कामांची नावं. भोसल्यांच्या राज्यातही हे कारकुनी जग मोडीत चालायचं. तिथे शिकण्याला वर्ग नव्हता. पोरगा वडिलांजवळ किंवा जुन्या कारकुनाजवळ बसायचा, आधी बेरजा, मग नक्कल, मग स्वतःची कीर्द. पेढीवरही तेच. आणि परीक्षा? परीक्षा म्हणजे झडती. हिशेबाची झडती घेणं हा शब्दप्रयोग आपण आजही वापरतो. तपासणारा समोर बसायचा, नोंदीवर बोट ठेवून विचारायचा, ही रक्कम का लिहिली? उत्तर तोंडी द्यावं लागायचं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे इथवर पोचली. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. भागधारकांची कंपनी म्हटली की दूर बसलेल्या भागधारकाला कळेल असा ताळेबंद हवा, आणि तो इंग्रजी दुहेरी नोंद पद्धतीचा. ही पद्धत लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथातून युरोपभर पसरली होती. म्हणजे एकाच शहरात इतवारीत एक वही आणि मिलच्या कचेरीत दुसरी. दोघींचं एकमेकींवाचून काही अडत नव्हतं.

अडलं ते सर्टिफिकेटपाशी. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला सरकारी प्रमाणपत्र लागू लागलं. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारची जी.डी.ए. ही अकाउंटन्सीची पदविका आली. आता कारकुनाचं कसब पेढीवरच्या माणसाने ओळखून भागेना. त्याला कागद हवा, आणि कागदासाठी लेखी परीक्षा.

ही परीक्षा कशी असावी याचा साचाही तयार होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठं १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचं कॉलेजने, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. जमनालाल बजाजांच्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्ध्याला सेक्सरिया कॉमर्स कॉलेज काढलं आणि १९४५ मध्ये नागपुरात जी. एस. कॉलेज सुरू झालं. ज्यांच्या नावाने ही कॉलेजं आहेत ते गोविंदराम सेक्सरिया मुंबईच्या कापूस बाजारातले मोठे व्यापारी. देशी पेढीतून आलेल्या माणसाचं नाव दारावर, आणि आत वर्गात जो पेपर तपासला जातो त्यात देशी पेढीचा नमुना चुकीचा! मला यात कोणाचा दोष दिसत नाही. पण शेकडो उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षकाने तपासायच्या म्हटल्यावर त्याला झटकन दिसेल अशी खूण लागते. बाजू ही तशी खूण आहे. आकडा डावीकडे आहे की उजवीकडे हे क्षणात दिसतं, तो का तिथे आहे हे विचारायला माणूस समोर लागतो.

माझ्या मते या पेपराचा सगळा इतिहास इथे आहे. झडतीतला 'का' गळाला आणि बाजू उरली. आपण तीन सुवर्ण नियम पाठ करून घेतो: व्यक्ती खाते, वस्तू खाते, उत्पन्न-खर्च खाते. नियम वाईट नाहीत. पण पाठ केलेला नियम उलटा आठवला की सगळंच उलटं होतं, आणि सावरायला हाताशी काही नसतं.

आज नागपूरच्या बी.कॉम.चा पेपर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापून येतो. फार चांगली गोष्ट आहे. पण तिन्ही भाषांत वही एकच असते.

मग काय करायचं? देशी वही परीक्षेत आणा असं मी म्हणत नाही. मुलांना नोकरी टॅलीवर करायची आहे. मी एवढंच केलं. पुढच्या सत्रात पहिल्याच तासाला फळ्यावर रामभाऊंचं खातं दोनदा लिहिलं, एकदा वहीसारखं, एकदा पुस्तकासारखं, आणि विचारलं, दोन्हींत बाकी तीच का? तो अख्खा तास त्यातच गेला. नंतर चाचणीत एक जुळलेली तेरीज दिली, जिच्यात यंत्राची खरेदी माल खरेदीत घातली होती. दोन्ही बेरजा समान, हिशेब चूक. चूक शोधा आणि दोन ओळींत कारण लिहा. नियम घडाघडा म्हणणारे काही जण तिथे अडले. दुकानात बसणाऱ्या एका मुलीने लगेच लिहिलं, 'यंत्र विकायला आणलं नाही, वापरायला आणलं.' पाठ्यपुस्तकातला एकही शब्द नाही. मी पूर्ण गुण दिले.

अर्थात हे अंतर्गत गुणांपुरतंच. विद्यापीठाच्या पेपरात तिला नमुना लिहावाच लागणार, आणि तोही मी करून घेतला.

त्या पहिल्या मुलाचे दोन गुण मात्र मी बदलू शकले नाही, यादी गेली होती. नंतर त्याला गाठून एवढं सांगितलं की तुझ्या आजोबांची वही बरोबर होती. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, वही आणू का दाखवायले?" आणली. आता माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाची सुरुवात त्याच प्रश्नाने होते.

तुमच्या घरी अशी वही माळ्यावर पडली असेल तर रद्दीत देऊ नका. उघडून बघा, आणि आधी हे बघा की जमा कुठल्या बाजूला आहे.