डेटा लॉगर (दूरस्थ पर्यावरण-निरीक्षण)

डेटा लॉगर : पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, पाण्याची पातळी अशा गोष्टींची संवेदकांनी केलेली मोजणी ठरावीक अंतराने दिनांक-वेळेसह साठवून ठेवणारे आणि पुढे पाठवणारे इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र. रोज जाणे शक्य नसलेल्या जागी ते बसवतात. मात्र तिथे कधीच जावे लागत नाही, असा समज झाला की नोंदी हळूहळू बिघडू लागतात.

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हे अशा नोंदयंत्राच्या गरजेचे चांगले उदाहरण आहे. धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि नागझिऱ्याचे जंगल (अभयारण्य १९७०, व्याघ्र प्रकल्प २०१३) असा हा प्रदेश. ऐन रोवणीत एका गावच्या बांध्या भरतात आणि शेजारच्या गावात पऱ्हे (धानाची रोपे) वाळत असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या एका पर्जन्यमापकाला हा फरक कळत नाही. राज्याच्या कृषी विभागाने २०१७मध्ये स्कायमेट कंपनीच्या सहभागाने ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला, तो महसूल मंडळ हा घटक धरून. राज्यभरात अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. भूजलासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पापासून (पहिला टप्पा १९९५–२००३) निवडक विंधन विहिरींत पातळी आपोआप नोंदणारी यंत्रेही सोडली गेली.

रचना व कार्य : केंद्राचा डोलारा लहान असतो. खांब, त्यावर सौर पटल, पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत बारा व्होल्टची बॅटरी, लॉगर आणि मोबाइल सिमचे मोडेम. मोबाइलची रेंज नसलेल्या जागी उपग्रहाचा मार्ग वापरतात. भारतीय हवामान विभागाची अनेक केंद्रे इन्सॅट मालिकेतील उपग्रहांवरून आकडे पाठवतात. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात लॉगर जवळजवळ निद्रिस्त राहतो. सर्वाधिक वीज खाते ते मोडेम. म्हणून मोजणी दर काही मिनिटांनी आणि प्रेषण त्याहून विरळ ठेवतात. संपर्क तुटला तरी आकडे स्मृतीत राहतात आणि नंतर उतरवून घेता येतात.

पाऊस मोजायला उलटणाऱ्या दोन कप्प्यांचे मापक वापरतात. एक कप्पा भरला की पलटतो, त्यावरचे चुंबक कळ दाबल्यासारखा विद्युत स्पंद देते, लॉगर तो मोजतो. नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. तपासणीचा सोपा मार्ग यातूनच निघतो : मोजलेले पाणी सावकाश ओतायचे आणि पलट्या मोजायच्या. सावकाशच ओतावे लागते, कारण पाण्याचा जोर वाढला की कप्पा पलटण्याच्या क्षणात काही पाणी न मोजता जाते. मुसळधार पावसात हे मापक थोडे कमी दाखवते ते याचमुळे.

देखभाल : सर्वांत फसवी नोंद शून्याची. नरसाळ्यात पानांचा चोथा, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचे जाळे अडकले की पाऊस कोसळत असतानाही लॉगर निमूटपणे शून्य लिहितो, आणि कार्यालयातल्या पडद्यावर तो कोरडा दिवस ठरतो. तुटलेली तार लवकर लक्षात येते, कारण आकडेच येणे थांबते. तुंबलेले नरसाळे मात्र आकडे पाठवत राहते. त्यामुळे रोहिणी नक्षत्राच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात अधूनमधून जाळी साफ करणे, मापक पाणसळीने समतल करणे आणि आसपासच्या केंद्रांशी नोंदी ताडून पाहणे याला पर्याय नाही. मापकाभोवतीची झाडेही वाढतात. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवे, हा नियम केंद्र बसवताना पाळला जातो आणि पाच वर्षांनी विसरला जातो.

पूर्व विदर्भाचा उन्हाळा बॅटरीचा शत्रू. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, म्हणून पेटी पांढरी आणि हवेशीर ठेवतात. पावसाळ्यात उलट अडचण : सलग ढगाळ दिवसांत सौर पटल पुरत नाही. पेटीच्या भोकांतून मुंग्या, पाली आत शिरतात, गांधीलमाश्या पोळे करतात. भोके बुजवावीत आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी रंग बदलताच बदलावी. विजा पडणाऱ्या या भागात भूसंपर्कन (अर्थिंग) चांगले नसेल तर लॉगर आणि मोडेम एकाच रात्रीत जातात.

वेळ : लॉगरचे घड्याळ हा दुर्लक्षित भाग आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात एकसारखा ८० मिलिमीटर पाऊस झाला, तर तो एका दिवसाचा. लॉगर मध्यरात्रीपासून दिवस मोजत असेल, तर त्याचे चाळीस-चाळीस होतात. महाराष्ट्रात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्यावरून सुरू होतात. त्यामुळे घड्याळाची ही चूक थेट शेतकऱ्याच्या मदतीवर येते.

प्रत्येक भेटीची तारीख, केलेली सफाई, बदललेला संवेदक आणि घड्याळातला फरक केंद्राच्या वहीत लिहितात. संवेदक बदलल्यावर आकड्यांत पडलेली उडी हवामानाची की यंत्राची, हे पुढे त्या वहीवरूनच ठरते.