पांढऱ्यावर पांढरं

मावशीच्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टात 'डेन्स' हा शब्द आला आणि घरात सगळ्यांची पाचावर धारण बसली. मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो.

मंडळी, फिल्मवर चरबी काळी दिसते, दाट ऊती पांढऱ्या. गाठही पांढरीच! म्हणजे ती लपते. शिवाय दाटपणामुळे कॅन्सरचा धोकाही वाढतो, हे १९७६ साली डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ या रेडिओलॉजिस्टने मांडलं.

पण मी अडखळलो ते वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांपाशी. तिथे तपासणीला आलेल्या आदिवासी बायकांच्या स्तनांची घनता इतर बायकांपेक्षा कमी निघाली. मग त्या सुरक्षित? छे! ऑस्ट्रेलियात १९९१ पासून सरकारी तपासणी आहे, तीही फुकट. तरी या बायका तिथवर कमी पोचतात, निदान उशिरा होतं आणि निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाणही इतरांपेक्षा कमीच.

एकाच व्हेरिएबलवर भरवसा ठेवला की प्रोग्राम गंडतो, हे आम्हाला रोज कळतं. इथे गंडतो तो जीव.

मावशीला म्हटलं, शब्दाला घाबरू नकोस, पण डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी चुकवू नकोस. तारीख मीच कॅलेंडरवर टाकलीय.