प्रारंभिक मानसशास्त्राचा विद्यार्थी : निरीक्षक ते प्रयुक्त

मानसशास्त्राचा इतिहास बहुधा संप्रदायांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. रचनावादामागून कार्यवाद, त्यामागून वर्तनवाद, असा तो क्रम. या मांडणीत प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी मात्र दृष्टिआड राहतो. ज्या शास्त्राची तो मुळाक्षरे गिरवतो, त्याच शास्त्राला आपल्या मनाचा पुरावा पुरविण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याकडे येते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यावर असा प्रसंग येत नाही. हा पुरावा तो कोणत्या अधिकाराने देतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पालटत गेले आहे.

व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हा ज्याच्यावर प्रयोग होई तोच त्या प्रयोगातील जाणता मानला जाई. प्रयोगकर्ता उपकरण चालवी. संवेदन कसे आले, हे मात्र निरीक्षकच सांगू शके. या भूमिका अदलाबदल करण्याजोग्या होत्या. जेम्स मॅकीन कॅटेल आणि त्यांचे सहाध्यायी बर्गर यांनी प्रतिक्रियाकालाचे प्रयोग एकमेकांवरच केले. स्वतः वुंटदेखील निरीक्षकाच्या आसनावर बसत. दहा हजार प्रतिक्रियांचा सराव नसलेला निरीक्षक लाइपझिगमध्ये ग्राह्य मानला जात नसे, असे एडविन बोरिंग यांनी १९५३ मध्ये लिहिले आहे. आकडा अक्षरशः घ्यावा की नाही, हे क्षणभर बाजूस ठेवले तरी त्यामागील वृत्ती स्पष्ट आहे.

ही शिस्त पदवीपूर्व वर्गापर्यंत नेण्याचे श्रेय वुंट यांचे शिष्य टिचनर यांना द्यावे लागते. ते १८९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आले. ऑक्सफर्डचा झगा परिधान करून ते प्रारंभिक वर्गाला व्याख्याने देत, ही आख्यायिका नव्हे. अभियांत्रिकी शिकत असलेले बोरिंग त्याच वर्गामुळे मानसशास्त्राकडे ओढले गेले. परंतु टिचनर यांचे खरे कार्य व्याख्यानांहून प्रात्यक्षिकांत अधिक दिसते. त्यांची प्रयोगपुस्तिका १९०१ व १९०५ मध्ये चार ग्रंथांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी दोन विद्यार्थ्यांसाठी व दोन अध्यापकांसाठी होते. विद्यार्थी जोडीने काम करीत आणि आळीपाळीने प्रयोगकर्ता व निरीक्षक होत. समोर मेज आहे, असे सांगणाऱ्याला टिचनर दोष देत, कारण ते वस्तूचे नाव झाले. संवेदनाचे वर्णन नव्हे. या चुकीला त्यांनी ‘उद्दीपक-दोष’ म्हटले. ही पद्धती आज कोणी स्वीकारणार नाही. तथापि नवशिक्या विद्यार्थ्याला साक्षीदार म्हणून घडविण्याचा इतका गंभीर प्रयत्न तिच्यानंतर क्वचितच झाला, असे म्हणावे लागते.

हीच परंपरा भारतात आली. वुंट यांचे दुसरे शिष्य म्यून्स्टरबर्ग हार्वर्डमध्ये अध्यापन करीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झालेल्या प्रायोगिक मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

पण तोवर या परंपरेवर आघात झाला होता. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी आक्षेप घेतला की, निष्कर्ष जुळले नाहीत तर अंतर्निरीक्षणवादी आपल्या पद्धतीस दोष न देता निरीक्षकाच्या अपुऱ्या शिक्षणास देतात. आक्षेप बिनतोड होता. त्याचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही : निरीक्षकाची साक्ष गेली, तशी त्याची प्रतिष्ठाही गेली. पुढे समूहाच्या सरासरीला महत्त्व आले. सरासरीसाठी हवी असतात ती पुष्कळ माणसे, आणि तीही शक्यतो अशिक्षित मनाची. प्रारंभिक अभ्यासक्रमाचा वर्ग हा त्यांचा आयता साठा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत प्रयोगांसाठी काही तास देणे हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग बनला.

मानवी वर्तनाचे उपलब्ध शास्त्र हे बव्हंशी महाविद्यालयाच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे शास्त्र आहे, असे क्विन मॅक्नेमार यांनी १९४६ मध्येच बजावले होते. डेव्हिड सिअर्स यांनी १९८६ मध्ये तोच मुद्दा पुन्हा मांडला. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकाच्या २००७ मधील अंकांतील अमेरिकन नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने केवळ मानसशास्त्र शिकणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे आढळले. हेन्रिक, हाइन व नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये दाखविले की, अशा समाजांतील माणसे अनेक बाबतींत मानवजातीचे प्रातिनिधिक उदाहरण नसून अपवाद ठरतात. ज्यांना आपण सामान्य नियम म्हणून शिकवितो, त्यांपैकी किती एका विशिष्ट वर्गखोलीचे नियम आहेत, हा प्रश्न त्यामुळे अटळ होतो.

१९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या लेखनपुस्तिकेने ‘प्रयुक्त’ऐवजी ‘सहभागी’ हा शब्द सुचविला, आणि संघटनेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार प्रयोगात भाग न घेणाऱ्या विद्यार्थ्यास तुल्य पर्याय देणे बंधनकारक आहे. हे योग्यच झाले. परंतु सहभागी म्हटल्याने तो निरीक्षक होत नाही. त्याचे म्हणणे अजूनही गुणांकाच्या रूपानेच पुढे जाते.

महाराष्ट्रातील प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र, कोष्टक व आलेखाच्या जोडीला, प्रयुक्ताच्या अंतर्निरीक्षणात्मक निवेदनासाठी जागा राखलेली आढळते, आणि ते निवेदन देणारा सहाध्यायी पुढच्या प्रयोगात स्वतः प्रयोगकर्ता असतो. विद्यार्थी तेथे बहुधा ‘प्रयोग सोपा वाटला’ किंवा ‘थोडा थकवा आला’ एवढेच लिहितात, आणि परीक्षकही त्याकडे फारसे पाहत नाहीत. कॉर्नेलमध्ये याच जागेसाठी विद्यार्थ्याला मुद्दाम तयार केले जात असे.