पाण्याचे वजन कुठे बांधायचे? संगणकी प्रारूपातील एकवटलेले वस्तुमान आणि त्याची जोडणी

मनमाडच्या माणसाला पाण्याच्या टाकीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याचे आवर्तन यांवर अवलंबून असलेल्या या गावाने वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांआड येणारे नळाचे पाणी सोसले आहे. टाकी भरली की नाही, हा येथे घरोघरीचा प्रश्न. स्थापत्य अभियंत्यालाही तोच प्रश्न पडतो, मात्र निराळ्या कारणाने. खांबांवर उभ्या असलेल्या टाकीत काही लाख लिटर पाणी आहे. जमीन हादरली तर त्यातले किती पाणी टाकीबरोबर हलेल आणि किती मागे राहून स्वतःच्या चालीने हिंदकळेल? आजकाल हे गणित संगणकावर होते. पण पाण्याचे वजन कुठे आणि कशाने बांधायचे, हे संगणक आपण होऊन ठरवीत नाही. ते अभियंत्यानेच सांगावे लागते आणि बऱ्याच चुका नेमक्या तेथेच होतात.

ज्या पद्धतीने हे गणित होते तिला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. हे नाव अमेरिकेतील प्रा. रे क्लफ यांच्या १९६० सालच्या निबंधाने रूढ झाले. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात नासासाठी नास्ट्रान ही संगणकप्रणाली लिहिली गेली. आज आपल्याकडील सल्लागारांच्या कार्यालयांत स्टॅड, सॅप २०००, अॅन्सिस, अबॅकस ही नावे सर्रास ऐकू येतात. कल्पना एकच. खांब, तुळई, भिंत, तळ यांचे लहान लहान घटक पाडायचे, ते एकमेकांना ज्या बिंदूंत मिळतात त्यांना नोड म्हणायचे आणि प्रत्येक नोडच्या हालचालीचे समीकरण मांडायचे. हालचालीला दोन गोष्टी लागतात, ताठपणा आणि वस्तुमान. खांबाचा ताठपणा त्याच्या मापांवरून प्रणाली स्वतः काढते. पाणी, पंप, मोटर, रेल्वेचे स्लीपर अशा गोष्टी मात्र सांगाड्याचा भाग नसतात; त्यांचे वजन असते, पण सांगाड्याला बळ देण्याइतका ताठपणा नसतो, किंवा तो धरायचा नसतो. त्यांचे घटक पाडण्याऐवजी सगळे वस्तुमान एका नोडवर ठेवले जाते. हेच एकवटलेले वस्तुमान.

एका नोडवर आकडा लिहिणे सोपे आहे. अडचण पुढे सुरू होते, कारण पाण्याचा गुरुत्वमध्य जिथे असतो तिथे सांगाड्याचा एकही नोड नसतो. तो टाकीच्या पोकळीत, मधोमध, अधांतरी असतो. मग तेथे नवा नोड निर्माण करून तो सांगाड्याला जोडावा लागतो. त्यासाठी ढोबळमानाने तीन प्रकारचे दुवे उपलब्ध आहेत.

पहिला दृढ दुवा. वस्तुमानाचा नोड आणि टाकीच्या तळाचे नोड यांच्यात जणू न वाकणारी काठी आहे असे मानले जाते. नास्ट्रानमध्ये याला आरबीई-२ म्हणतात. इतर प्रणालींत नावे वेगळी, काम तेच. हा दुवा सोयीचा, पण ज्या नोडांना तो जखडतो त्यांच्यातील परस्पर हालचालच तो बंद करून टाकतो. पातळ स्लॅबवर बसविलेल्या पंपासाठी असा दुवा वापरला तर पंपाखालचा स्लॅब कागदोपत्री पोलादाहून ताठ होतो आणि कंपनांची वारंवारिता भलतीच चढते.

दुसरा वाटप करणारा दुवा, आरबीई-३. हा वस्तुमानाचे बल नोडांवर वाटून देतो, परंतु त्यांना एकमेकांशी जखडत नाही, म्हणजे ताठपणा वाढवीत नाही. पंपासाठी बहुधा हाच योग्य. तिसरा दुवा स्प्रिंगचा. त्यात वस्तुमान सांगाड्याला बांधलेले असते, पण सैल. ते आपल्या गतीने मागेपुढे होऊ शकते. पाण्याच्या टाकीच्या संदर्भात या तिसऱ्या दुव्याला फार मोठे स्थान आहे. ते का, हे समजण्यासाठी १९६३ सालाकडे वळावे लागेल.

त्या वर्षी कॅलिफोर्नियातील जॉर्ज हाउसनर यांनी पाण्याच्या टाक्यांच्या गतिकीवर एक निबंध प्रसिद्ध केला. टाकीतील पाणी आडव्या धक्क्याला एकसंध ठोकळ्यासारखे उत्तर देत नाही, हे त्यांनी सोप्या सूत्रांत बसविले. तळाकडचे पाणी भिंतीला जणू चिकटून तिच्याबरोबरच हलते. वरचे पाणी मागे रेंगाळते आणि लाटेसारखे हिंदकळते. डोक्यावर घागर घेऊन चाललेल्या बाईला हे सूत्रांवाचून ठाऊक असते. टँकरच्या पोटात आडवे पत्रे बसवितात तेही याच हिंदकळण्याला आवर घालण्यासाठी. हाउसनर यांच्या प्रारूपात चिकटलेले पाणी दृढ दुव्याने, तर हिंदकळणारे पाणी स्प्रिंगने टाकीला जोडलेले असते.

आकडे घेऊन पाहू. टाकी गोल, व्यास १० मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. पाणी झाले सुमारे ३१४ टन. हाउसनर यांच्या सूत्रांनुसार त्यातील सुमारे १४१ टन चिकटलेले आणि १६२ टन हिंदकळणारे. (बेरीज पूर्ण ३१४ येत नाही, सूत्रे अंदाजी आहेत, एवढा फरक राहतोच.) हिंदकळण्याचा दोलनकाल येतो सुमारे ३.५ सेकंद. म्हणजे अशा उथळ टाकीत निम्म्याहून अधिक पाणी टाकीचे ऐकतच नाही!

आता टाकीची रिकामी कोठी व खांबांचा हिशेबात धरायचा भाग मिळून १६० टन आणि खांबांच्या सांगाड्याचा आडवा ताठपणा दर मीटरला १२,००० किलोन्यूटन धरू. सगळे पाणी दृढ दुव्याने बांधले तर दोलनकाल १.२५ सेकंद येतो. फक्त चिकटलेले पाणी बांधले तर १ सेकंद. टाकी रिकामी असेल तर ०.७३ सेकंद. भारतीय मानकातील मध्यम प्रतीच्या जमिनीचा आलेख वापरला, तर पायाशी येणारे आडवे बल दुहेरी प्रारूपात एकेरी प्रारूपापेक्षा सतरा-अठरा टक्क्यांनी कमीच निघते.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे पाणी दृढ बांधलेले काय वाईट? बल जास्त धरले म्हणजे बांधकाम अधिक सुरक्षितच झाले! हा युक्तिवाद कार्यालयांतून नेहमी ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. एकेरी प्रारूपात लाटेला जागाच नसते. नाशिक शहर भूकंप मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत तिसऱ्या विभागात नोंदलेले आहे. त्या विभागाचा गुणक आणि पाणीपुरवठ्यासारख्या अत्यावश्यक वास्तूचे महत्त्व धरले, तर वरील टाकीत लाट सुमारे ४० सेंटिमीटर उसळते. पाण्याच्या पातळीवर ३० सेंटिमीटरच मोकळी जागा ठेवली असेल तर ती छपराला खालून थडकणार, आणि छपराची रचना करणाऱ्याच्या हाती हा आकडा कधी आलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट उंचीची. चिकटलेल्या पाण्याचे वस्तुमान या उदाहरणात तळापासून दीड मीटरवर येते. परंतु हलणारे पाणी तळावरही असमान दाब टाकते आणि त्यामुळे उलथविणारा जोर वाढतो. तो धरला तर परिणामी उंची जवळजवळ ४ मीटर होते. सांगाडा १६ मीटर उंच असेल आणि वस्तुमान आळसाने तळाच्याच नोडवर ठेवले, तर २० मीटरची तरफ १६ मीटरवर येते. चिकटलेल्या पाण्यामुळे पायाशी येणारे उलथविणारे घूर्ण पाचव्या हिश्श्याने कमी दिसते. येथे चूक सुरक्षित बाजूला नसून धोक्याच्या बाजूला आहे.

स्प्रिंगची जोडणी आणखी नाजूक. आपल्या टाकीत हिंदकळणाऱ्या पाण्याच्या स्प्रिंगचा एकूण ताठपणा दर मीटरला सुमारे ५२० किलोन्यूटन येतो. तो भिंतीच्या परिघावरील आठ त्रिज्यीय स्प्रिंगांत वाटायचा असेल तर प्रत्येकीला आठवा भाग देऊन चालत नाही. कोणत्याही एका दिशेला आठ स्प्रिंग मिळून चौघींइतकेच काम करतात. म्हणून प्रत्येकीला चौथा भाग, म्हणजे १३० द्यावा लागतो. शिवाय या वस्तुमानाची उभी हालचाल रोखावी लागते, नाहीतर ते गणितात अधांतरी सुटते आणि प्रणाली चूक दाखवून थांबते. थांबली तर बरेच म्हणायचे. उभ्या दिशेला मात्र सगळे ३१४ टन टाकीच्या तळावरच आहेत, हे विसरून चालत नाही. पाण्याची विभागणी फक्त आडव्या हालचालीपुरती आहे.

एककांची चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महागडी. लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये आणि काळ सेकंदात असेल तर वस्तुमान टनात द्यावे लागते. ते किलोग्रॅममध्ये दिले तर हजारपट होते आणि वारंवारिता सुमारे ३२ पट खाली येते. प्रणाली त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. पडद्यावर रंगीत चित्र तितकेच सुरेख दिसते.

वळण्याची गोष्ट अजून राहिली. नोडवर तीन दिशांचे वस्तुमान लिहून अनेकजण थांबतात. पण दहा मीटर व्यासाची भरलेली कोठी म्हणजे बिंदू नव्हे. ती उभ्या अक्षाभोवती पिळवटली तर त्या पिळाला तिचे जडत्व विरोध करते आणि तेही वेगळे लिहावे लागते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात कवठा या गावातील एक उंच टाकी सरळ खाली बसली आणि तिचे खांब तिच्याखाली गाडले गेले. पडताना ती स्वतःभोवती वळली होती, असे पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी नोंदविले. फक्त आडव्या वस्तुमानाच्या प्रारूपात अशी टाकी कधीच वळली नसती. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात पोकळ स्तंभावर उभ्या असलेल्या अनेक टाक्यांच्या स्तंभांना पायथ्याजवळ आडव्या, गोल फिरणाऱ्या भेगा पडल्या.

भूजनंतर कानपूरच्या आयआयटीने गुजरातच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी टाक्यांच्या भूकंपरोधक रचनेची मार्गदर्शिका तयार केली आणि २०१४ साली भारतीय मानकाचा टाक्यांविषयीचा स्वतंत्र भाग आला. दुहेरी वस्तुमान त्यानेच अधिकृत केले. त्याआधीच्या १९८४च्या मानकात उंच टाकी एकाच वस्तुमानाची धरलेली होती. महाराष्ट्रातील गावोगावच्या किती टाक्या २०१४ पूर्वीच्या आहेत, हे आपल्या गल्लीतून वर पाहिले तरी कळेल.

मनमाडला हा विषय पाण्यावर संपत नाही. मध्य रेल्वेच्या येथील अभियांत्रिकी कार्यशाळेत पुलांचे पोलादी गर्डर तयार होतात. गर्डरच्या प्रारूपात रूळ आणि स्लीपर यांचे वजन नोडांवर वाटले की काम भागते. धावत्या इंजिनाची चाके आणि स्प्रिंगांवर बसलेला त्याचा देह मात्र पुन्हा निरनिराळे जोडावे लागतात. जवळच्या पानेवाडीत इंधनाचे साठे आहेत. मुंबईहून इंधनाची पाइपलाइन मनमाडला येते. अशा साठ्यांच्या टाक्या जमिनीवर टेकलेल्या आणि रुंद असतात. उदाहरणादाखल ४० मीटर व्यासाच्या टाकीत १२ मीटर पाणी धरले तर साठ टक्क्यांहून अधिक द्रव हिंदकळणारा निघतो आणि त्याचा दोलनकाल ७ सेकंदांपलीकडे जातो. द्रवाची घनता बदलल्याने त्यात फरक पडत नाही. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांना अशा टाक्या नेमका प्रतिसाद देतात. २६ सप्टेंबर २००३ रोजी जपानच्या होक्काइडो बेटाजवळ भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरील तोमाकोमाई येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात टाक्यांची तरंगती छपरे हिंदकळण्याने निकामी झाली. एका टाकीला त्याच दिवशी आग लागली आणि नाफ्थाची दुसरी टाकी दोन दिवसांनी पेटली. सगळा द्रव दृढ दुव्याने बांधलेल्या प्रारूपात असा प्रसंग दिसण्याची शक्यताच नव्हती.

उभ्या असलेल्या जुन्या टाकीबाबत प्रारूप खरे की खोटे, हे पडताळण्याचा एक स्वस्त उपाय आहे. टाकीच्या माथ्यावर संवेदनशील कंपनमापक ठेवून वाऱ्याने आणि रहदारीने होणारी तिची बारीक आंदोलने नोंदवायची. एकदा टाकी भरलेली असताना आणि एकदा रिकामी असताना. आपल्या उदाहरणातील रिकाम्या टाकीचा दोलनकाल ०.७३ सेकंद मिळाला तर सांगाड्याचा ताठपणा बरोबर धरला आहे. तो जास्त निघाला तर खांबांना भेगा पडल्या असण्याचा संशय घ्यावा. मग भरलेल्या टाकीचे मोजमाप १ सेकंदाजवळ येते की १.२५ जवळ, यावरून पाणी कसे बांधायला हवे होते ते कळते. मोठ्या शहरांत यासाठी टाकी मुद्दाम रिकामी करायची म्हणजे पाणीपुरवठा खात्याची नाराजी ओढवून घ्यावी लागते. मनमाडसारख्या गावात पाणी सुटण्याच्या दिवशी सकाळी भरलेली टाकी दुपारपर्यंत आपोआप रिकामी होते. दोन्ही नोंदी एकाच दिवसात घेता येतील.